यादीतल्या अकरा बागा

मिस्त्रींनी चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. इमारतीत त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणायचे. खरं नाव खालच्या टपालपेटीवर होतं, तेही उन्हाने पुसट झालेलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून त्यांनी वर कान लावला, की ब्रेक घासतोय का दोर सैल पडलाय, ते हात न लावता सांगत. घरी येतानासुद्धा स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की बोलता बोलता गप्प व्हायचे आणि चौथा मजला येईपर्यंत ऐकत राहायचे. शेजाऱ्यांना वाटायचं, माणूस तुसडा आहे. तसे ते मुळीच नव्हते.

त्यांच्या बायकोला ओघानेच सगळे मिस्त्रीणबाई म्हणू लागले. त्यांचा स्वतःचा हुद्दा मात्र नवऱ्यापेक्षा मोठा होता. एका मोठ्या रुग्णालयाच्या लाँड्रीत सव्वीस वर्षं काढून त्या शेवटी इस्त्रीच्या टेबलांवरच्या प्रमुख झाल्या होत्या. चादरीचे चारही कोपरे जुळवून घडी घालणं त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. त्या मिस्त्रींच्या आधी तीन वर्षं निवृत्त झाल्या, आणि त्याच सुमाराला दोघांनी शहराच्या पार टोकाच्या उपनगरात घर घेतलं. इथे बस यायची, वळण घेऊन थांबायची आणि परत जायची. पुढे रस्ताच नव्हता.

मिस्त्री सकाळी साडेसहाला बाहेर पडत ते रात्री आठला घरी येत. बाई दिवसभर एकट्या. चारच्या सुमाराला त्या कुठेतरी फिरायला जात, हे मिस्त्रींना माहीत होतं, कारण कधी कधी दाराजवळच्या चपलांना ओली माती असायची. विचारलं तर म्हणायच्या, "बागेत गेले होते." मिस्त्री "बरं" म्हणायचे आणि हातपाय धुवायला जायचे. कुठल्या बागेत, कुणाबरोबर, तिथे काय करतेस, हे त्यांनी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. घरासमोर एक बाग होती. तीच असणार, असं धरून चालले. निवृत्त झाल्यावरही चारला ते दुपारच्या झोपेत असत.

मिस्त्री निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात, सकाळी चहा गाळताना बाईंच्या हातून गाळणी पडली. ती उचलायला त्या वाकल्या आणि वर आल्याच नाहीत. एकोणीस दिवस रुग्णालयात काढून घरी आणलं, तेव्हा उजवा हात निकामी झाला होता, पाय फरफटत होता आणि शब्द गेले होते. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंच समजतंय, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. फक्त तोंडात शब्द येत नाही. आणि उगाच रडू येईल, हसू येईल, त्याचा फार अर्थ लावत बसू नका, मेंदूला दुखापत झाली की असं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली. नादुरुस्त यंत्राबद्दल कुणी सांगावं तसं ते ऐकत होते, आणि सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता दुरुस्त कसं करायचं?" डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर आठवड्याभरात दोन शब्द परत आले, 'हो' आणि 'नको'. नवव्या दिवशी तिसरा आला. बाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. चार वाजले होते. त्यांनी डावा हात उचलून दाराकडे दाखवला आणि स्पष्ट म्हणाल्या, "चल."

मिस्त्रींना हर्ष झाला. त्यांनी दुसऱ्या शहरात राहणाऱ्या मुलीला फोन लावला, ती तिकडे रडली, हे इकडे रडले. मग त्यांच्या लक्षात आलं, की अडतीस वर्षांच्या संसारात बायकोने त्यांना कधी 'चल' म्हटलं नव्हतं. नेहमी 'अहो, चला'. ते बाईंना म्हणाले, "आजारपणात बरीच सलगी वाढली की. आता मी अहोचा अरे झालो." बाई हसल्या. खरंच हसल्या की डॉक्टर म्हणाले तसलं हसू होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

त्याच संध्याकाळी त्यांनी बाईंना व्हीलचेअरवर बसवून समोरच्या बागेत नेलं. रबराची फरशी, दोन घसरगुंड्या, पाच बाकं. फाटकातच बाई म्हणाल्या, "नको." आणि हात पुढे दाखवला. पुढे म्हणजे रस्त्याच्या दिशेने, जिथे काहीही असू शकत होतं. मिस्त्रींनी वीस मिनिटं खुर्ची ढकलली. मग अंधारायला लागलं म्हणून परत फिरले, तशा बाई वाटभर रडल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुन्हा "चल." तिसऱ्या दिवशीही.

मिस्त्री विभाग कार्यालयात गेले. उद्यानखात्याच्या खिडकीवर बसलेल्या मुलीने त्यांना उपनगरातल्या सगळ्या बागांची यादी छापून दिली. अकरा बागा. मिस्त्रींनी कागदाची घडी करून खिशात घातली. त्यांच्या जिवात जीव आला. अकरा ठिकाणं म्हणजे काहीच नाही. लिफ्ट बंद पडली की ते असंच करत आले होते, एकेक भाग तपासायचा, खूण करायची, पुढे जायचं. दोष कुठेतरी असतोच, सापडेपर्यंत सोडायचं नाही एवढंच.

पाण्याच्या टाकीमागच्या बागेत व्यायामाची लोखंडी यंत्रं होती आणि त्यातलं एक असं किंचाळायचं की मिस्त्रींनी पुढच्या खेपेला तेलाची बाटली नेली. बाई म्हणाल्या, नको. विजेच्या मोठ्या तारांखालची बाग नुसती लांबच लांब पट्टी होती, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी झुडपं आणि डोक्यावर तारांचा गुणगुणाट. तिथे बाई अर्धा तास शांत बसल्या. मिस्त्रींच्या मनात आशा वाढत गेली. मग बाईंनी मान हलवली, "नको." यादीतली पाचवी बाग शोधायला त्यांना दोन दिवस लागले, आणि ती सापडली तेव्हा कळलं की चौकातल्या गोल वाहतूक बेटावर कुणीतरी चार रोपं लावून 'उद्यान' अशी पाटी ठोकली आहे. मिस्त्री पाटीखाली उभे राहिले, बाजूने चारही दिशांना गाड्या. "हीच का गं?" त्यांनी विचारलं. त्या दिवशी दोघंही हसले.

तळ्याकाठच्या बागेवर मिस्त्रींचा मोठा भरवसा होता. पण तिच्या फाटकात मोटारसायकली शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले होते. खिशातली टेप काढून त्यांनी मोजलं: दोन खांबांमध्ये पंचावन्न सेंटिमीटर, खुर्ची त्रेसष्ट. आठ सेंटिमीटरांसाठी बायको बाहेर. ते तिला उचलून नेऊ शकले असते, दहा वर्षांपूर्वी. आता त्यांनी खुर्ची खांबाला टेकवली, चाकाला दगड लावला आणि एकटेच आत जाऊन फोनमध्ये फोटो काढून आणले. पाणी, बदकं, पायऱ्या, बाकं. बाईंनी एकेक फोटो पाहिला. फोन हातातून सुटून पडला. हो नाही, नको नाही. मिस्त्रींनी खांब काढण्यासाठी खात्याला अर्ज केला. अर्ज नोंदवला गेल्याचं उत्तर ताबडतोब आलं. त्यापुढे काही आलं नाही.

दगडाच्या जुन्या खाणीत केलेल्या बागेचं तर नावच नको. खाली हिरवीगार हिरवळ दिसत होती आणि उतरायला एकशे चार पायऱ्या. दोघं वरच्या कठड्याशी थांबून खालची माणसं बघत राहिले. मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांना वर-खाली नेण्याची सोय केली होती. इथे त्यांच्याकडे दोन हात आणि एक चाकांची खुर्ची.

अशा सात बागा झाल्या. मग ज्या ताई आठवड्यातून दोनदा घरी येऊन बाईंना बोलायला शिकवत, त्यांच्याशी मिस्त्री सहज बोलले. ताईंनी सगळं ऐकलं, थोड्या विचारात पडल्या. मग त्यांनी टेबलावरचा चमचा उचलून बाईंसमोर धरला. "हा चमचा आहे का?"

"नको," बाई म्हणाल्या.

"हा पेला आहे का?" चमचा तसाच.

"हो." बाईंच्या कपाळावर आठी आली. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे त्यांना कळलं होतं, पण बरोबर काय ते तोंडात येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने ओठ धरले.

ताई हळू आवाजात म्हणाल्या, की काही वेळा असं होतं, हो आणि नको यांची अदलाबदल होते. नेहमीच नाही. कधी बरोबर येतं, कधी उलट.

मिस्त्रींनी खिशातून यादी काढली. तिच्यावर सात फुल्या होत्या. "म्हणजे यातली कुठलीही असू शकते?"

"असू शकते, काका."

"आणि ती मला सांगत होती, हीच म्हणून. आणि मी तिला घेऊन परत येत होतो."

ताईंनी चमचा परत टेबलावर ठेवला.

मिस्त्रींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता ते शब्दांवर विसंबत नव्हते. चेहरा बघत, हात बघत, श्वास ऐकत. ज्या कानांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता, ते लावून ते बायकोशेजारी बाकावर बसत. पण माणूस म्हणजे मोटर नव्हे. बाई तारांखाली हसल्या, टाकीमागे रडल्या, समोरच्या बागेत झोपल्या. याचा अर्थ काय लावायचा? मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, नका एवढं जिवाला लावून घेऊ. ती बाहेर पडते, तिला वारा लागतो, एवढं पुरे नाही का?" मिस्त्री म्हणाले, पुरे आहे. फोन ठेवला आणि चार कधी वाजतात याची वाट बघत बसले.

यादीतली नववी बाग बसडेपोच्या कुंपणाला लागून होती. लहानशी, नीट ठेवलेली. तिथला माळी वाफ्यात खुरपत होता. त्याने बाईंकडे बघितलं आणि हातातलं खुरपं खाली ठेवून उठला.

"अहो, या त्याच ना? काय झालं यांना?"

मिस्त्रींनी खुर्ची त्याच्याजवळ नेली. त्यांनी सांगितलं. माळी हळहळला. म्हणाला, बाई रोज या बागेतून जायच्या, थांबायच्या मात्र नाहीत. डेपोच्या मागे एक मोकळी जागा होती, कुणाचीच नसल्यासारखी, तिथे मोठी झाडं होती. बाई आणि आणखी एक चष्मेवाली बाई, दोघींनी तिथे थोडी जागा साफ करून काय काय लावलं होतं. पाणी इथल्याच नळावरून न्यायच्या, बादलीने. आधी कुणी आली की या फाटकाशी दुसरीची वाट बघायची. "आणि दिसली रे दिसली, की लांबूनच हाक मारायची, चल गं, म्हणून."

मिस्त्रींनी खुर्चीच्या मुठी घट्ट धरल्या. इतके दिवस आपल्याला म्हटलेलं 'चल' आपल्याला नसेलच, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"ती चष्मेवाली कुठे राहते?"

माळ्याला माहीत नव्हतं. पावसाळ्यानंतर ती दोन-तीनदा आली होती, फाटकाशी बराच वेळ उभी राहिली होती. मग म्हणाली, मुलाची बदली झाली, जातोय आम्ही. कुठे, ते त्याने विचारलं नाही. नाव? नावही कधी विचारलं नव्हतं. "माणूस रोज दिसतं, तेव्हा विचारायचं सुचत नाही, काका," माळी खजील होऊन म्हणाला. त्याला काय ठाऊक, तो कुणाला सांगतोय.

डेपोच्या मागे मोकळी जागा राहिली नव्हती. सगळीकडून निळे पत्रे ठोकलेले होते आणि आतून यंत्रांचा आवाज येत होता. पत्र्यांच्या दाराशी पहारेकरी स्टुलावर बसला होता. मिस्त्रींनी त्याला विनवलं. खुर्ची आत नेणं शक्यच नव्हतं, सगळा चिखल. पहारेकऱ्याने एकट्या मिस्त्रींना पाच मिनिटांसाठी आत सोडलं, बाईंकडे मी बघतो म्हणाला.

आत तीन मजले मावतील एवढा खड्डा होता. पलीकडच्या भिंतीला लागून पाच-सहा झाडं तेवढी उरली होती. कुठे काय लावलं होतं, कुठे बसत होत्या, याची खूण उरायला जागाच नव्हती. मिस्त्री कडेने चिखल तुडवत झाडांपर्यंत गेले, हाताला येणाऱ्या फांदीचं एक रुंद पान तोडलं आणि परत आले.

बाईंनी पान डाव्या हातात घेतलं. मांडीवर ठेवलं. एका हाताने त्याची काठाला काठ लावून घडी घातली, तळव्याने दाबून सपाट केली. पुन्हा एक घडी. मग डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मिस्त्री गुडघ्यांवर बसून बघत होते. हे त्या जागेचं रडू होतं? मैत्रिणीचं? की डॉक्टर म्हणाले तसलं, कशाचंच नाही असलं? रडणं हाही पुरावा नव्हता.

बाईंनी पान खाली टाकलं आणि हात उचलून पुढे दाखवला. पुढे डेपोची भिंत होती.

"चल," त्या म्हणाल्या.

"कुठे?" मिस्त्री म्हणाले. "अगं, मला नाही कळत. मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आता तू सांगत्येस आणि मला कळत नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, असं मिस्त्रींना वाटलं. मुलीला सांगताना मात्र ते म्हणाले की राग नव्हता, दमल्या होत्या. नक्की काय होतं, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. पहारेकऱ्याने स्टूल पुढे सरकवलं. मिस्त्री त्यावर बसले.

त्यांनी चष्मेवालीचा शोध घेतला, जमेल तेवढा. माळ्याला स्वतःचा नंबर लिहून दिला, डेपोतल्या चालकांना विचारलं, दुकानदारांना विचारलं. चष्मा लावणारी, साठीची, मुलाची बदली झालेली बाई. लोक सहानुभूतीने ऐकत आणि कुणाकडेच काही नसे. उरलेल्या दोन बागाही त्यांनी बघितल्या. यादी संपली. चार वाजण्याचं संपलं नाही. ते कुठेही जात, कधी तारांखाली, कधी माळ्याकडे. माळी बाईंच्या मांडीवर एखादं फूल ठेवायचा, त्या घ्यायच्या.

थंडीत बाईंना ताप आला, कफ छातीत साठला. पुन्हा रुग्णालय, या वेळी सव्वीस दिवस. परत आल्या तेव्हा बसवणं अवघड झालं होतं. हो गेला, नको गेला, आणि चलही गेला. मुलगी रजा काढून आली, तिने दिवसा सांभाळायला एक परिचारिका ठरवून दिली, व्हीलचेअर घडी करून कपाटामागे सरकवली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळं केलंत." मिस्त्री म्हणाले, "सगळं म्हणजे काय गं?" ती लिफ्टमध्ये शिरली, आणि मिस्त्री बंद दारासमोर उभे राहून ती खाली पोचेपर्यंतचा आवाज ऐकत राहिले. आवाज अगदी ठीक होता.

पलंग त्यांनी खिडकीशी लावून घेतला. तिथून गाड्या उभ्या करायची जागा दिसते आणि कडेने नव्याने लावलेल्या रोपांची एक रांग. बाई तिकडे बघतात, किंवा त्यांची मान तिकडे वळलेली असते.

परिचारिका दुपारी मिस्त्रींना बळेच तासभर बाहेर धाडते. ते बहुतेक वेळा डेपोजवळच्या बागेत जातात. खुर्ची ढकलायची सवय झालेल्या हातांचं काय करावं ते त्यांना सुचत नाही, म्हणून ते मागे बांधून चालतात. माळी विचारतो, "काकू कशा आहेत?" मिस्त्री म्हणतात, "आहे." मग माळी खुरपायला लागतो आणि मिस्त्री बाकावर बसतात. पलीकडे पत्र्यांच्या वर आता सिमेंटचे तीन मजले आले आहेत, आणि मधोमध लिफ्टसाठी सोडलेला चौकोनी पोकळ खांब वर चढतो आहे.